थाई मालिकेवरचं नोटिंग

माझ्या लेकीला सहावा महिना लागला आणि त्याच सुमारास तिच्या सासूबाईंनी तिला थाई मालिकेची गोडी लावली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. ह्यांना काय कळतंय! पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे मी धरूनच चालले होते. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली रंगवून घेतली होती. पुण्याहून येणाऱ्या भाचीकडून डिंक, अळीव आणि खारीक मागवून ठेवली होती. जुन्या मऊ साड्यांच्या दुपट्यांना टाके घालून झाले होते. आणि तिकडे जनकपुरीत माझी लेक सासूशेजारी सोफ्यावर पाय पसरून, बँकॉकच्या कुणा हॉटेलमालकाच्या मुलाचं लग्न टिकतंय की मोडतंय ते बघत होती.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून ती ऑफिसातून सुट्टी घेऊन घरीच होती. रोज दुपारी चारला तिचा मला फोन यायचा. ती कॉलेजच्या हॉस्टेलात होती तेव्हापासूनचा हा नेम, लग्नानंतरही मोडला नव्हता. आता चारला फोन आला तरी, "आई, जल्दी बोल, एपिसोड लावतोय आम्ही." एपिसोड दीड तासाचा. साडेपाचला मी करावा, तर ती झोपलेली. कधी बोलली तर तेच पुराण: "तू बघ ना यार, बिल्कुल वेगळी आहे. मम्मा तर पाहता पाहता रडतात." मला ती आई म्हणते आणि सासूला मम्मा. लग्नाच्या वेळी हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं, ते आठवून आता माझाच मला राग येत होता.

विहीणबाई माझ्यासारख्याच केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. मंत्रालय वेगळं, पण आयुष्य तेच: सकाळची चार्टर्ड बस, दुपारचा डबा, फायली. मी सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि त्या अंडर सेक्रेटरी म्हणून, म्हणजे माझ्याहून एक पायरी वर. लग्न ठरवताना ही पायरी माझ्या लक्षातही आली नव्हती. पुढे ती टोचायला लागली. बाई पंजाबी, उंच, बोलायला मोकळी. आवाज असा की जिन्यातून ऐकू यावा. त्यांच्यात खोड काढावी असं काही मला सापडत नव्हतं, आणि याचा मला फार त्रास होत होता.

एका शनिवारी मी लाडवांचा डबा घेऊन मेट्रोनं जनकपुरीला गेले. दार उघडंच होतं. "आइए, आइए बहनजी, बस दस मिनट का सीन है," असं म्हणत विहीणबाईंनी मला खुर्ची दाखवली. त्या स्वतः सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या आणि माझ्या लेकीचे पाय त्यांच्या मांडीवर होते. पाय सुजले होते. त्या डोळे टीव्हीवर ठेवून कोमट तेलानं ते हळूहळू चेपत होत्या. सासू सुनेचे पाय चेपतेय! हे कुणाला सांगितलं असतं तर पोरीनं नशीब काढलं म्हणाले असते. मला मात्र उठून त्यांचे हात बाजूला सारावेसे वाटले. त्या पायांना पहिलं तेल मी लावलं होतं.

पडद्यावर नायिका आपल्या आजारी आईच्या उशाशी बसून एक मोठं पिवळं फळ सोलत होती. जाड साल काढायची, पांढरा पापुद्रा काढायचा, एकेक फोड आईच्या तोंडात घालायची. संवाद एकही नाही. "पपनस आहे ते," मी म्हटलं.

"काय?" लेकीनं विचारलं.

"पपनस."

"चकोतरा, बेटा," विहीणबाई म्हणाल्या.

"अच्छा, चकोतरा!" आणि ती परत टीव्हीकडे वळली.

ती लहान असताना आम्ही तिला पहाडगंजच्या मराठी शाळेत घालणार होतो. आमच्या सरकारी क्वार्टरपासून शाळा लांब, बस दोनदा बदलावी लागायची, म्हणून जवळच्या हिंदी-इंग्रजी शाळेत घातलं. घरात मराठी आहेच की, असं आम्ही म्हणत राहिलो. पपनस त्या गडबडीत सुटलं. आणखी काय काय सुटलं, त्याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

सीन संपला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय बाई ही सिरियल! सगळं खोटं खोटं."

लेक म्हणाली, "तू बघितली तरी आहेस का? आधी पहिल्यापासून बघ. मग चांगलं काय, वाईट काय, दोन्ही सांग. नुसतं वाईट नाही चालणार."

"हाँ बहनजी, लिखकर दीजिए," विहीणबाई हसत म्हणाल्या. त्यांनी गमतीनं म्हटलं असेल. पण वरच्या अधिकाऱ्यानं "लिखकर दीजिए" म्हटलं की मी आयुष्यभर घरी जाऊन लिहिलेलंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी ती मालिका बघायला बसले. बघायची ती चुका काढायलाच. शेजारी पॅड, पॅडला पेन बांधलेलं. खाली अक्षरं पळतात ती वाचायला चष्मा बदलावा लागे. गोष्ट अशी की, मरणाच्या दारात असलेल्या आजोबांच्या समाधानासाठी हॉटेलमालकाचा मुलगा ऑर्किडच्या बागेत काम करणाऱ्या मुलीशी एक वर्षासाठी खोटं लग्न करतो. आजोबा वर्षभर मरत नाहीत आणि लग्न खरं व्हायला लागतं. नायकाशी जिचं पूर्वी ठरलं होतं ती दुसरी बाई घरात येऊन कारस्थानं करते. असल्या गोष्टी मी शंभर पाहिल्या असतील. तरी पाचव्या भागात आजोबा नातसुनेला बागेची कुलपं-किल्ल्या देतात तिथे माझे डोळे भरून आले. ह्यांनी वर्तमानपत्राच्या वरून पाहिलं. "खोटं आहे ना सगळं? मग रडतेस कशाला?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय," मी म्हटलं.

"जळतेस तू," हे म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात शिरले. मी जळत होतेच.

पंधरा भागांतले बारा तोवर आले होते (नवा नसेल त्या दिवशी जनकपुरीत जुनाच परत लावत), ते पाहून झाल्यावर मी लिहायला बसले. फाइलवर एखादं प्रकरण अधिकाऱ्यापुढे मांडायचं, बाजू-विरुद्ध बाजू सांगायच्या आणि शेवटी आदेश मागायचा, या लिखाणाला आमच्यात नोटिंग म्हणतात. चौतीस वर्षं मी तेवढंच लिहिलं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मला लिहिताच येत नाही. लांब कागद घेतला, डावीकडे समास सोडला, परिच्छेदांना आकडे घातले. भाषा हिंदी, कारण लेकीला मराठी अक्षरं जुळवत वाचायला वेळ लागतो.

गुण आधी लिहिले, आणि मन लावून लिहिले. मालिकेत थोरांच्या समोरून जाताना लहान माणसं कंबरेत वाकून जातात, आणि हे कुणी मुद्दाम दाखवत नाही, नुसतं घडत राहतं. नायिकेची आई गरीब आहे म्हणून तिला सारखी रडवलेली नाही, ती विनोद करते, नायकाला जेवणावरून बोलते. तो नायिकेच्या गालाजवळ नाक नेऊन नुसता श्वास घेतो आणि तेवढ्यात प्रेम कळतं. आमच्याकडच्या मालिकेत त्यासाठी तीन वेळा वीज कडाडली असती. पपनस सोलण्याच्या प्रसंगात कुणी काही बोलत नाही आणि सगळं समजतं. शिवाय ही मालिका संपते. बाराशे भागांत सासवा-सुनांच्या तीन पिढ्या करून दाखवत नाही.

दोषही होतेच. एक, नायक रागावला की नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेतो, आणि ती त्याच भागात त्याच्या प्रेमात पडते. आमच्या कार्यालयात असं कुणी केलं असतं तर दुपारपर्यंत लेखी तक्रार झाली असती. दोन, एकच गाणं दर भागात सहादा वाजतं आणि विनोदाच्या जागी कुणीतरी टिंग-टाँग करत राहतं, जसं काही बघणाऱ्याला हसायचं कुठे ते कळत नाही. तीन, ती दुसरी बाई. शिकलेली, चांगल्या घरातली, पण तिला मत्सराशिवाय काही कामच दिलेलं नाही. जिथे तिथे हातात ट्रे घेऊन पडद्यामागे उभी राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकते. शहाणीसुरती कुठलीही बाई असं करणार नाही. पात्र पटत नाही. चार, अपघातात स्मृती जाणे.

इथे थांबायला हवं होतं. पण आदेश मागितल्याशिवाय नोटिंग संपवायची हाताला सवयच नाही. हात पुढे चालत राहिला आणि शेवटचा परिच्छेद उतरला: "उपर्युक्त को देखते हुए प्रस्ताव है कि बेटी का पहला प्रसव मायके में हो। आदेशार्थ प्रस्तुत।" खाली सही, तारीख. वाचून पाहिलं तर वरच्या परिच्छेदांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते कागदावर आलं होतं. मी ते खोडलं नाही.

आणि एक चूक केली. नोटिंगच्या तळाशी ते कुणाकडे जायचं ते लिहायचं असतं, त्याला मार्क करणं म्हणतात. लेकच वाचणार हे डोक्यात इतकं पक्कं होतं की मी ना कागदावर काही लिहिलं ना पाकिटावर. मेथीच्या लाडवांच्या डब्यावर पाकीट ठेवलं आणि ह्यांच्या हाती जनकपुरीला पाठवून दिलं. लेक झोपली होती. पाकीट विहीणबाईंनी घेतलं, नाव नाही बघून उघडलं. मार्क न केलेला कागद शेवटी सगळ्यांत वरच्या टेबलावर जातो, हे मी नव्या क्लार्कांना शिकवत आले होते.

तीन दिवसांनी जावई टूरवर निघाला, तो विमानतळावर जाता जाता आमचा डबा खालच्या गार्डकडे देऊन गेला. डबा रिकामा नव्हता, आत पिन्नी, म्हणजे त्यांच्याकडचे कणकेचे लाडू, भरलेली होती. वर माझा कागद. समासात पेन्सिलीनं, बारीक, सरळ अक्षरात शेरे. वाकून चालण्यासमोर: "सहमत." पपनसासमोर: "पूर्णतः सहमत." मनगटासमोर: "सहमत, अत्यंत आपत्तिजनक." दुसऱ्या बाईसमोर: "विचारणीय." आणि शेवटच्या परिच्छेदासमोर: "कृपया चर्चा करें." खाली त्यांची छोटी सही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांना हा शेरा साधा वाटेल. पण त्याचा अर्थ असा की, तुमचं म्हणणं मला मंजूर नाही, पण तसं मला कागदावर आणायचं नाही, तेव्हा माझ्या खोलीत या. माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी मी त्यांच्या खोलीत जायचं! ह्यांनी कागद वाचला आणि हसू दाबत म्हणाले, "जा मग. बोलावणं आलंय." मी साडी बदलली आणि निघाले. मेट्रोत बसून वीस मिनिटं मनातल्या मनात भांडत राहिले. माझी वाक्यं तयार होती, एकाहून एक खणखणीत.

लेक आत झोपली होती. विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, चहा टाकला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. माझा कागद मी बाहेर टेबलावर ठेवला होता, भांडताना पुरावा असावा म्हणून.

"देखिए बहनजी," त्या म्हणाल्या, आणि नेहमीचा आवाज खाली आला. "चार बजे उसका आपको फ़ोन होता था। आप दोनों मराठी में हँसती थीं। मैं यहाँ खड़ी रहती थी, यहीं, गैस के पास। पूछती थी, क्या हुआ बेटा? कहती थी, कुछ नहीं मम्मा, ऐसे ही। अब मैं पंजाबी बोलूँ तो वो अकेली पड़ जाती है। ये थाई हम दोनों को नहीं आती। दोनों नीचे पढ़ती हैं। साथ-साथ।" चहा उतू जायला आला, तो त्यांनी खाली उतरवला. "आप ले जाएँगी तो वो डेढ़ घंटा भी गया।"

खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. माझ्यासारखीच दुसरीही कुणी जळत होती, आणि तीही माझ्यावर! मेट्रोत तयार केलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "चहा छान झालाय." तो अजून कपात ओतलेलाही नव्हता.

तेवढ्यात दारात लेक उभी दिसली. केस विस्कटलेले, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात तो कागद. तिनं सगळा वाचला होता, दोघींची अक्षरं.

"वा," ती म्हणाली. "एकीनं प्रपोजल टाकलं, एकीनं रिमार्क मारले, चर्चा पण झाली. मला कुणी मार्क केलं?"

मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू खोली रंगवलीस ते मला बाबांनी सांगितलं. डिंक मागवलास ते पुण्याच्या ताईनं सांगितलं. तू एकदा तरी म्हणालीस का, माझ्याकडे ये?"

"अगं, त्यात म्हणायचं काय? पहिलं बाळंतपण माहेरीच असतं."

"मला काय माहीत!" तिचा आवाज एकदम रडवेला झाला. "मी इथे वाढलेय. मला कोण सांगणार? तुझे गुडघे दुखतात, मला वाटलं तुला झेपणार नाही म्हणून तू काही बोलत नाहीयेस. मी रोज वाट बघायची. आणि तू फोनवर ती सिरियल किती बेकार आहे तेच सांगायचीस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्या आईनं मला कधी विचारलं नव्हतं, तिला तिच्या आईनं विचारलं नव्हतं. सातवा लागला की माहेरचं माणूस न्यायला यायचं. हे जगातल्या सगळ्या मुलींना आपोआप कळतं अशी माझी समजूत होती. पपनस तिला माहीत नाही हे मला दिसलं होतं, पण हे दिसलं नव्हतं.

"येतेस का माझ्याकडे?" मी विचारलं.

"येते ना," ती म्हणाली आणि डोळे पुसून विहीणबाईंकडे वळली. "मम्मा, मुझे आई के पास जाना है।"

विहीणबाईंनी तिच्या हातातून कागद घेतला. फ्रिजवर धोब्याच्या वहीशेजारी पेन्सिल होती, ती घेतली आणि माझ्या परिच्छेदाखाली लिहिलं, "अनुमोदित." सही केली. मग पेन्सिल जिथली तिथे ठेवून म्हणाल्या, "आख़िरी तीन एपिसोड मेरे बिना मत देखना।" हे त्यांनी कुणाकडे न बघता म्हटलं. मी जिंकले होते, पण तिथे उभं राहवेना, म्हणून मी कप विसळायला घेतले.

पुढच्या आठवड्यात लेक आली. मागच्या खोलीत तिची गादी टाकली, खिडकीला पडदा लावला, दाराला जुना कापडी पडदा होताच. दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी चार वाजायच्या सुमारास अळिवाची खीर वाटीत घालून, वाटी ट्रेमध्ये ठेवून मी तिच्या खोलीकडे निघाले. आतून आवाज आला, "एक, दो, तीन, प्ले!" तिनं लॅपटॉपवर मालिका लावली होती आणि उशीला टेकवलेल्या फोनमध्ये विहीणबाई होत्या. त्यांच्याकडेही तीच, त्याच क्षणाला. थोड्या वेळानं दोघी एकदमच हसल्या. कशाला हसल्या ते मला बाहेरून कळेना.

माझं घर, माझी खोली, मी रंगवलेल्या भिंती, आणि पोटात तेच दुखणं, अगदी होतं तसं. मी पडद्याआड थांबले. कान लावला. किती वेळ गेला कोण जाणे, खिरीवर साय धरली. मग माझं माझ्या हातातल्या ट्रेकडे लक्ष गेलं आणि दोष क्रमांक तीन आठवला. शहाणीसुरती कुठलीही बाई असं करणार नाही, असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं. त्यासमोर गॅसपाशी उभ्या राहणाऱ्या विहीणबाईंनी "विचारणीय" का लिहिलं होतं, तेही आत्ता कळलं.

"बहनजी नहीं आईं?" फोनमधून विहीणबाईंचा आवाज आला.

"पर्दे के पीछे खड़ी हैं," लेक म्हणाली, आणि मग मोठ्यानं, "आई, खालून पाय दिसतायत तुझे. ये ना आत. कधीचं थांबवलंय आम्ही."

मी आत गेले. ट्रे खाली ठेवला, खिरीची वाटी तिच्या हातात दिली, चष्मा बदलला आणि गादीच्या पायथ्याशी बसले. तिचे सुजलेले पाय उचलून मांडीवर घेतले. फोन जरासा वाकडा झाला होता, तो सरळ केला. विहीणबाईंना सगळं नीट दिसतंय याची खात्री करून घेतली, आणि मग पाय चेपायला लागले.